वंशभेदावर बोलायचे तर वाचनालयाने सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (कार्यकारिणी सदस्य, पुणे)

पुण्याच्या उपनगरातील एका शासनमान्य वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काम करते. आमच्या परिसरात मणिपूर, नागालँड, आसाम येथून आलेले, तसेच सुदान, नायजेरिया, टांझानिया या देशांतून शिकायला आलेले बरेच विद्यार्थी भाड्याने राहतात. रस्त्यात त्यांना कोणत्या नावांनी हाक मारली जाते ते येथे लिहीत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी ती नावे ऐकलेली असतील. परिसरातील रहिवाशांनी आणि या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून याविषयी मोकळेपणाने बोलावे आणि त्यासाठी वाचनालयाने जागा द्यावी, अशी माझी फार इच्छा आहे.

मात्र गेल्या महिन्यात दोन गोष्टी पाहिल्या आणि मन खचले. इंफाळची एक मुलगी सभासद व्हायला आली, तेव्हा देवघेवीच्या टेबलावरील आमच्या कर्मचाऱ्याने तिच्याकडे पासपोर्ट मागितला. तिने काही न बोलता आधार कार्ड काढले, पत्त्याची बाजू वर करून टेबलावर ठेवले आणि ती वाट पाहत उभी राहिली. दुसरी गोष्ट अभ्यासिकेतील आहे. परीक्षांचे दिवस असल्यामुळे मुले जागेसाठी जिन्यात ताटकळत होती आणि तरीही एका सुदानी विद्यार्थ्याच्या शेजारची खुर्ची दुपारभर रिकामी राहिली. एखाद्या प्राध्यापकांचे व्याख्यान ठेवावे, असे आमच्या ज्येष्ठ सदस्यांचे मत आहे. आपल्याला काय वाटते?

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल, सातारा)

ताई, व्याख्यानाची घाई करू नये. ज्यांना मुद्दा आधीच पटलेला असतो तेच बहुधा व्याख्यानाला येतात, आणि ज्यांच्याविषयी बोलले जाते ते मागच्या रांगेत गप्प बसून राहतात. त्याआधी आपल्या वाचनालयाचा सभासदत्वाचा अर्ज काढून नीट वाचा. बऱ्याच जुन्या वाचनालयांच्या अर्जावर शिफारस म्हणून एखाद्या विद्यमान सभासदाची सही लागते. पुस्तके बुडू नयेत म्हणून ही अट आली, त्यामागे वाईट हेतू नव्हता. परंतु ज्याला या शहरात कोणी ओळखत नाही त्याने ती सही आणायची कोठून? अनामत रक्कम आपण घेतोच, मग सहीचा आग्रह कशासाठी?

या संदर्भात अमेरिकेतील एक घटना सांगावीशी वाटते. व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे सार्वजनिक ग्रंथालय फक्त गोऱ्यांसाठी होते. २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच कृष्णवर्णीय तरुण एकामागून एक आत गेले आणि प्रत्येकाने सभासद करून घेण्याची विनंती केली. नकार मिळताच प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक घेतले आणि तो निरनिराळ्या टेबलाशी बसून शांतपणे वाचू लागला. पोलिसांनी त्यांना वाचता वाचता अटक केली. या सत्याग्रहाची आखणी सॅम्युअल टकर या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने केली होती. पुढच्याच वर्षी नगरपालिकेने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे, लहान ग्रंथालय उघडले, तेव्हा टकर यांनी त्याचे सभासदत्व लेखी नाकारले, कारण त्यांना मूळ ग्रंथालयाचेच सभासदत्व हवे होते. म्हणूनच ‘बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खास संध्याकाळ’ असे काही कृपया करू नये.

उत्तर २ (शिक्षक, नागपूर)

डेन्मार्कमध्ये २००० साली सुरू झालेला ‘मानवी ग्रंथालय’ हा उपक्रम येथे उपयोगी पडेल, असे मला वाटते. त्यात पुस्तकाऐवजी माणूस ‘वाचायला’ मिळतो: वाचक त्याच्यासमोर अर्धा तास बसतो आणि एरवी विचारायला संकोच वाटेल असे प्रश्न विचारतो. समोरासमोर बसल्यावर पुष्कळ गैरसमज गळून पडतात.

उत्तर ३ (वाचक, ठाणे)

उत्तर २ मधील सूचना सद्‍भावनेने केलेली आहे, तरीही मी तिच्याशी सहमत नाही. माझे पती मिझोरामचे आहेत. आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली, आणि या अकरा वर्षांत त्यांनी कुत्र्याच्या मांसाविषयीचा प्रश्न किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. प्रश्न एकाच बाजूने आणि उत्तरे दुसऱ्याच बाजूने, अशी रचना असेल तर ती रोजच्या रस्त्यावरचीच रचना आहे. वाचनालयात आणल्याने ती बदलत नाही.

दोन्ही बाजूंच्या मध्ये एखादा मजकूर असावा आणि सर्वांनी त्याविषयी बोलावे, असे मी सुचवेन. मलिक अंबर आपल्या इतिहासातला आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. पुढे औरंगाबाद म्हणून ओळखले गेलेले खडकी त्याने वसवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. शाळेत हे सगळे शिकलेली माणसे आज आफ्रिकेतून आलेल्या मुलाला घर भाड्याने का देत नाहीत, हा प्रश्न मग कोणा पाहुण्याला विचारावा लागत नाही, तो आपल्यालाच पडतो. दुसऱ्या बैठकीसाठी जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका घ्यावी. १८७३ चे हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले आहे. तिथला वर्णभेद आणि इथला जातिभेद त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. ती अर्पणपत्रिका वाचली की विहिरीवर, पंगतीत किंवा वसतिगृहात स्वतः सोसलेले आपले रहिवासीही बोलू लागतील, आणि इंफाळच्या मुलीला एकटीने साक्ष द्यावी लागणार नाही.

बैठकीला पंधरा-वीसच माणसे असावीत, बसण्याची रचना गोलाकार असावी, आणि सूत्रसंचालकाने अपशब्द तेथल्या तेथे थांबवावा. गप्प राहण्याची मुभाही प्रत्येकाला असली पाहिजे.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांची मी आभारी आहे. अर्ज काढून पाहिला. त्यावर एका नव्हे तर दोन सभासदांच्या सह्या मागितलेल्या आहेत, आणि त्यावर मीच कित्येक वर्षे शिक्के मारत आले आहे. ही अट काढण्याचा ठराव येत्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिला घातला आहे. त्या मुलीचा अर्धवट भरलेला अर्ज फाइलमध्ये सापडला आणि त्यावर तिचा दूरध्वनी क्रमांक आहे. बैठकीचे निमंत्रण द्यायला नव्हे, पासपोर्ट मागितल्याबद्दल क्षमा मागायला मी उद्या तिला फोन करणार आहे. मलिक अंबरावरील वाचन मराठीत ठेवले तर विद्यार्थ्यांना कळणार नाही आणि इंग्रजीत ठेवले तर आमचे ज्येष्ठ उठून जातील. परिच्छेदागणिक दोन्ही भाषांत वाचण्याचा प्रयोग कोणी केला असल्यास त्याला किती वेळ लागतो ते कृपया कळवावे.