फॉरेन्सिक केमिस्ट्री: सायटेशन बघून प्रबंधाचा विषय ठरवावा का?

एमएस्सी, दुसरं वर्ष:
नमस्कार. दोन आठवड्यांत विषय द्यायचा आहे. मला व्हिसेऱ्यातल्या (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांतल्या) कीटकनाशकांवर काम करायचंय. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले, तेव्हा मी तिथेच शाळेत होते. वर्गमित्र म्हणतात, सायटेशन (इतरांच्या पेपरांत आपल्या पेपरचे संदर्भ) हवी असतील तर फेंटानिल आणि नव्या सिंथेटिक ड्रग्जवर लिही. पुढे पीएचडी करायची आहे, म्हणून धाकधूक वाटते.

निवृत्त रसायनतज्ज्ञ, विषशास्त्र विभाग:
ताई, सायटेशनवरून नियतकालिकाचं वजन ठरवणारा आकडा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर; आधी तो कसा निघतो ते बघ. 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकाच्या 2022 आणि 2023 मधल्या लेखांना 2024 मध्ये मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. म्हणजे हिशोब दोनच वर्षांचा. नवी पद्धत पडताळून रोजच्या कामात यायला आपल्याकडे त्याहून जास्त काळ लागतो. आणि ती वापरणारा सीए रिपोर्ट (केमिकल ॲनालायझरचा तपासणी अहवाल) लिहितो, पेपर नाही. सीए रिपोर्टखाली संदर्भसूची नसते.

1990 च्या दशकात औरंगाबादच्या प्रादेशिक प्रयोगशाळेतल्या लोकांनी मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांसाठी टीएलसीचे (प्लेटवर घटक वेगळे करायच्या पद्धतीचे) स्प्रे रिएजंट, म्हणजे फवारल्यावर डाग दाखवणारी रसायनं, शोधले, परदेशी नियतकालिकांत छापले. तसा एक रिएजंट मी पहिल्यांदा फवारला, तेव्हा प्लेटवर नेमका विषाचाच डाग उठला. त्या दिवशी एका घराला उत्तर मिळालं. तो पेपर मी आयुष्यात कुठेही साईट केला नाही, कारण मी पेपरच लिहिले नाहीत. त्याची खंत आहे.

स्वीडनचे ए. डब्ल्यू. जोन्स, रक्तातल्या अल्कोहोलचे जाणकार, यांनी फॉरेन्सिक नियतकालिकांच्या या आकड्यांवर 2003 मध्येच लिहिलंय. जरूर वाच.

पीएचडी करणारा:
काकांच्या म्हणण्यात भर घालतो. आपल्या क्षेत्रात गाजलेली तंत्रं अनेकदा बाहेर छापली जातात. डार्ट मास स्पेक्ट्रोमेट्री (नमुना फारशी तयारी न करता थेट तपासायचं तंत्र) 2005 मध्ये 'ॲनालिटिकल केमिस्ट्री'त आली, त्यामुळे ती सायटेशन फॉरेन्सिक नियतकालिकांच्या खात्यावर पडत नाहीत. 'फॉरेन्सिक केमिस्ट्री' हे नियतकालिक तर 2016 चं.

विषय सोडू नकोस, मांडणी बदल. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीचा फॉरेन्सिक सायन्सवरचा 2009 चा अहवाल आल्यापासून पद्धतीची पडताळणी, अनिश्चितता, चुकांचं प्रमाण याबद्दल कसून विचारलं जातं. क्वेचर्स ही 2003 ची, मुळात फळं-भाज्यांतली कीटकनाशकं वेगळी काढायची पद्धत. ती यकृतावर लाव, रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती विष परत मिळतं) आणि मॅट्रिक्स इफेक्ट (नमुन्यातल्या इतर घटकांमुळे आकड्यात पडणारा फरक) नीट मोज.

एमएस्सी, दुसरं वर्ष:
मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस घेते. एकाच नमुन्यावर टीएलसी आणि एलसी-एमएस (लिक्विड क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) दोन्ही करेन.

निवृत्त रसायनतज्ज्ञ, विषशास्त्र विभाग:
छान. एक लक्षात ठेव: व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात येतो आणि क्वेचर्समध्येही क्षार घालतातच. कोरं, म्हणजे विष नसलेलं, यकृत आधी त्याच द्रावणात ठेव, मग रिकव्हरी काढ. ताज्या यकृतावरचे आकडे खऱ्या मुद्देमालाला लागू पडतीलच असं नाही.