नुसत्या दारूने मॉडेल बनत नाही

उंदरांना दारू पाजली की सिरोसिस (यकृत तंतूंनी भरून कडक होणं) होणारच, मग संशोधनासाठी या आजाराचं मॉडेल, म्हणजे तो आजार मुद्दाम घडवलेले उंदीर, बनवण्यात अवघड ते काय, असा प्रश्न विचारला जातो. मुळात तसं होत नाही. उंदीर दारू फारशी पीत नाहीत, प्यायलेली झपाट्याने पचवतात, आणि बहुतेकदा यकृतात चरबी साठण्यापलीकडे मोठं काही घडत नाही.

म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताला घातक रसायन देतात. यकृतातलं एन्झाइम त्याचं विषारी रूप बनवतं, पेशी मरत राहतात आणि तिथे तंतू साचतात. खरी गोची डोसची. एकाच मात्रेने एक उंदीर दगावतो, दुसरा ठणठणीत! यावर पिण्याच्या पाण्यातून आधी फिनोबार्बिटल हे औषध देऊन ते एन्झाइम वाढवायचं आणि पुढचा प्रत्येक डोस वजनातली घट बघून ठरवायचा, ही पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. वेळखाऊ आहे, पण मृत्यू कमी होतात आणि सिरोसिस जास्त एकसारखा मिळतो.

दुसरा मार्ग म्हणजे यकृतातून पित्त वाहून नेणारी पित्तनलिका बांधणं. त्याने मोठ्या उंदरात (रॅट) साधारण 4 आठवड्यांत सिरोसिस होतो, पण तो आजार पित्त तुंबल्याचा, विषाने पेशी मरण्याचा नाही.

आणखी एक, विष थांबवलं की फायब्रोसिस, म्हणजे साचलेले तंतू, आपोआप ओसरू लागतो. तेव्हा औषध न दिलेला गट शेजारी नसेल, तर 'औषध लागू पडलं' या दाव्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.