मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यासाठी कोणता सांधा?

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, पंचवटीत राहते. दोन्ही गुडघे पार झिजलेत. रामकुंडाच्या पायऱ्या तर कधीच सुटल्या. डॉक्टरांनी बदलून बसवायच्या कृत्रिम सांध्याचे दोन पर्याय दिले: गुडघ्यातला मागचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) ठेवून बसवायचा सांधा, किंवा तो काढून त्याचं काम प्लास्टिकच्या उंचवट्यावर सोपवणारा. वर ‘हाय फ्लेक्स’ (जास्त वाकण्यासाठी बनवलेला सांधा) आहेच. २०१७ पासून किमतींवर सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे पैशांपेक्षा निवडीचाच घोळ. माझ्या वाचनात, आधी गुडघा किती वाकतो यावरच नंतरचं बरंचसं ठरतं. आईचा प्रश्न मात्र एकच: “मांडी घालून पूजेला बसता येईल का रे?”

नाशिकमध्ये कुणी करून घेतलंय? कोणता बसवला, वर्षभरानंतर जिना उतरताना कसं वाटतं?