प्रति: मानव विकास विषय घेऊन पुढे काय?

काका, भाचीला मानव विकास विषयात पदवी घ्यायची आहे, त्यावर 'मुलं वाढवायचं घरात शिकता येतं, त्याला पदवी कशाला?' हे तुमचं म्हणणं पटलं नाही. या विषयात मूल कशामुळे फुलतं आणि कशामुळे अडतं, हे बघायला शिकवतात. मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनर यांची १९७९ची मांडणी घ्या. मूल जिथे कधी पाऊलही टाकत नाही, ती आईबापाची कामाची जागासुद्धा त्याच्या वाढीवर परिणाम करते. आता आपल्याकडे बघा. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात. अंगणवाडी गावात राहते, मूल बागेत, आणि धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण. तिची शाळा छाटणीच्या तारखा ठरवतात! हे घरात कोण शिकवणार?

नोकरीचं म्हणाल तर बालवाडी, बालगृहं, संस्थांची कामं, अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती १९७५ पासूनची एकात्मिक बालविकास योजना. सुरुवातीचा पगार बेताचाच, खोटं कशाला सांगू. दिव्यांग मुलांना शिकवणारा विशेष शिक्षक व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. नुसत्या या पदवीवर भागत नाही.

आणि भाचीला गणिताचा कंटाळा असेल तर आधीच सांगून ठेवा, संशोधन म्हटलं की संख्याशास्त्र आलंच.