मदत हवी आहे: पोटात दुसरं बाळ आणि थोरला अजून अंगावर पितो

नमस्कार मैत्रिणींनो,

मला १८वा आठवडा चालू आहे आणि थोरला लेक २२ महिन्यांचा आहे. तो अजून अंगावर पितो. झोपताना, पहाटे, आणि कुठे पडला-झडला की लगेच. बाकी वरणभात, अंडं, केळं, कुस्करलेली भाकरी सगळं खातो. पहिलं बाळंतपण पूर्ण दिवसांचं आणि नॉर्मल झालं. आताही अंगावर जाणं, कळा वगैरे काही नाही.

मला त्याचं दूध इतक्यात तोडायचं नाही. बाळंतपणाला मी माहेरी जाणार. घर बदलणार, बाबा फक्त शनिवार-रविवारी दिसणार, आईच्या मांडीवर दुसरंच कुणीतरी येणार. त्यातच दूधही गेलं तर त्या जिवाने धरायचं काय? पण दवाखाना आणि घर, दोन्हीकडून 'बंद कर' एवढंच ऐकू येतंय.

आमच्या डॉक्टर म्हणाल्या, पाजताना गर्भाशय आकुंचन पावतं, थांबवा. मी आणखी काही विचारेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली होती. सोनोग्राफीच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं. सगळं ठीक असेल तर चालतं म्हणाले. मी कुणाचं धरू?

सासूबाईंचं म्हणणं, गरोदर बाईचं दूध जड असतं, ते पिऊन पोर खंगतं, हातापायाच्या काड्या आणि पोटाचा नगारा होतो. त्यांनी लहानपणी असं मूल डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांची भीती खरी आहे. ओळखीच्या वैद्यांनी आयुर्वेदातल्या 'पारिगर्भिक' विकाराचं नाव सांगितल्यापासून तर त्यांना झोप नाही. कोरफडीचा गर लावून ठेव म्हणतात. ज्या जागी तो विसावतो, तिथे एके दिवशी कडू लागावं, हे माझ्याच्याने होणार नाही.

त्यात माझे स्वतःचे हाल आहेत. स्तनाग्रं इतकी हुळहुळी झालीत की त्याने तोंड लावलं की डोक्यात तिडीक जाते. दूधही कमी झालंय. तो ओढतो, सोडतो, चिडतो, पुन्हा मागतो.

पुढचीही काळजी आहेच. पहिलं चिकाचं दूध धाकट्याला पुरेल ना? आधी कुणाला घ्यायचं? दोघांना पाजलेल्या कुणी इथे असतील तर कृपया सविस्तर लिहा. 'बंदच कर' हा सल्ला ऐकून झालाय.

प्रतिसाद

अगं, मी दोघींना पाजलंय. तेव्हा आम्ही रत्नागिरीला होतो. थोरली दोन वर्षांची होती.

दूध कमी होणं मलाही पाचव्या महिन्याच्या आसपास जाणवलं. चवही बदलते. थोडं खारट होतं म्हणतात. काही मुलं इथेच आपणहून सोडतात, त्याचीही मनाची तयारी ठेव. माझी सोडली नाही. नुसती चोखत पडायची.

ती तिडीक मला चांगली आठवते. पोरीला दूर लोटावंसं वाटायचं आणि मग रडू यायचं. तू वाईट आई नाहीस, गरोदरपणात हे बऱ्याच जणींना होतं. मी तिला म्हणायचे, 'दहा आकडे मोजू, मग दुदू झोपणार.' पहिले काही दिवस भोकाड पसरलं, मग तीच मोजायला लागली. तोंड नीट उघडायला लावून नीट धरायला लाव, टोकावर लोंबकळू देऊ नकोस. दुखणं त्याने बरंच कमी होतं. पहाटेचं पाजणं बाबांकडे सोपवता आलं तर बघ. पाणी, गोष्ट, खांद्यावर फेऱ्या. आमच्याकडे ते जमलं आणि मला सलग झोप मिळाली.

बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी भरून आली. धाकटीचं पोट एवढंसं, तिला ते ओढवेना. थोरलीने पाच मिनिटांत हलकं केलं. गाठी नाहीत, ताप नाही. तिला मात्र दोन दिवस पातळ शी झाली. चिकाच्या दुधाने होतं तसं, घाबरू नकोस. आणि दुसऱ्या वेळी पाजताना पोटात कळा जास्त येतात. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगून ठेवते.

प्रतिसाद

मी स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. वरचा अनुभव अगदी बरोबर आहे. वैद्यकीय बाजू लिहिते.

पाजताना ऑक्सिटोसिन स्रवतं आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, हे डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. पण शेवटचे आठवडे येईपर्यंत गर्भाशय त्या संप्रेरकाला फारशी दाद देत नाही. म्हणून गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात पाजल्याने दिवस आधी भरतात असं दिसलेलं नाही. मात्र आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली असेल, आता रक्तस्राव होत असेल, गर्भाशयाचं तोंड आखूड असेल किंवा त्याला टाका घातला असेल, जुळी असतील, किंवा डॉक्टरांनी शरीरसंबंध टाळायला सांगितले असतील, तर गोष्ट वेगळी. म्हणून पुढच्या भेटीत 'पाजू का?' असं न विचारता 'माझ्या बाबतीत यातलं काही आहे का?' असं विचारा. उत्तर 'आहे' असेल तर थांबवणंच योग्य. पाजताना नियमित कळा आल्या, पाणी किंवा रक्त गेलं, तर लगेच दवाखाना गाठा.

सासूबाईंना माझ्याकडून एवढं सांगा की त्यांनी पाहिलेलं मूल खरंच आजारी असणार. लागोपाठच्या बाळंतपणात आईचं दूध आटतं आणि थोरल्याच्या ताटात डाळ, अंडं, दूध पुरेसं येत नाही, तेव्हा मूल खंगतं. दूध विषारी होत नाही, ते अपुरं पडतं. तुमच्या लेकाचं वजन-उंची दर महिन्याला अंगणवाडीत नोंदवा आणि तो तक्ता त्यांनाच दाखवा. त्यांच्या काळजीला त्याहून चांगलं उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षं आणि पुढेही पाजायला सांगते, अर्थात वरच्या आहाराच्या जोडीने.

तुमचा स्वतःचा आहार मात्र हयगय न करता सांभाळा. भूक मारून चहावर दिवस काढू नका. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. बाळंतपणानंतरही त्या ६ महिने चालू असतात.

चिकाचं दूध थोरला 'संपवेल' असं होत नाही, तरी पहिले काही दिवस प्रत्येक वेळी आधी धाकट्याला घ्या, उरलं ते थोरल्याला. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला ६ किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत भरलं, तर दूध पुरतंय. एक बाजू एकाची असं ठरवू नका, बदलत राहा. दर वेळी धुण्याचीही गरज नाही.

धागाकर्ती

तुम्हा दोघींची खूप आभारी आहे. डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून घेतलं, आणि अंगणवाडीत सासूबाईंनाच घेऊन जाणार आहे. एक राहिलंच. समजा सिझर झालं आणि थोरल्याला दवाखान्यात राहू दिलं नाही तर? मी आल्यावर तो एकदम अंगावर झेपावेल.

प्रतिसाद

माझं दुसरं सिझरच होतं. घरी येताना बाळ आजीकडे दे आणि तू रिकाम्या हातांनी आत जा, आधी त्याला जवळ घे. उभ्याने नको. पलंगावर बस, पोटावर उशी घे, त्याला बाजूला बसव. पाजायचं ते कुशीवर वळून, त्याचे पाय तुझ्या डोक्याकडे येतील असं, म्हणजे टाक्यांना लाथ लागत नाही. ही बैठक आत्तापासूनच रोज रात्री करून घ्या, तोवर त्याच्या अंगवळणी पडेल.