अनुभव धागा: ताईंविषयी तुम्ही काय पाहिले?

महाविद्यालयात असताना ४०० मीटर अडथळा शर्यत गाजवणाऱ्या, आणि स्पर्धा थांबल्यावर मुलांना धावायला शिकवण्यात व रक्तदात्यांची फळी उभी करण्यात रमलेल्या आपल्या ताईंचा सत्कार माजी विद्यार्थ्यांनी ठरवला आहे. पदकांची यादी मानपत्रात येईलच. येथे कृपया विशेषणे नकोत, स्वतः पाहिलेले प्रसंग लिहावेत.

एक सहखेळाडू:
या शर्यतीत १० अडथळे असतात; पहिला ४५ मीटरवर, पुढचे ३५-३५ मीटरवर. ताई दोन अडथळ्यांमध्ये १५ पावले टाकत, पण आठव्या अडथळ्यापासून पाय जड झाले की तेवढ्या पावलांत अंतर कापले जात नसे. पावले १६ झाली तर उडी दुसऱ्या पायावर येते आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात. म्हणून आम्ही घरी निघाल्यावर त्या थकलेल्या पायांनी, फक्त शेवटचे तीन अडथळे मांडून, नावडत्या पायाने उडी घेण्याचा सराव करत. खडूने केलेल्या खुणा स्वतःच पुसायच्या, अडथळे स्वतःच उचलून ठेवायचे. त्यांचे यश मला नेहमी या कंटाळवाण्या अर्ध्या तासात दिसते, विजयमंचावर नव्हे.

एक कनिष्ठ खेळाडू:
माझ्या पहिल्या स्पर्धेत मी त्यांचे स्पाइक्स घालून धावले. ते परत मागायचे त्यांनी कधी मनावर घेतले नाही.

एक पालक:
अडथळा पडला म्हणजे आपण बाद, अशी धास्ती माझ्या मुलीने घेतली होती. चुकून अडथळा पडल्याने कोणी बाद होत नाही, फक्त वेग जातो, हे ताईंनी तिला शांतपणे समजावले आणि अडथळे गुडघ्याच्याही खाली आणून ठेवले. त्या ओरडतही असत, हेही लिहायला हवे. मात्र उशिरा येणाऱ्यांवर, हळू धावणाऱ्यांवर कधीच नाही.

रक्तपेढीतील एक तंत्रज्ञ:
मोठ्या शिबिराचे छायाचित्र छान येते, पण दान केलेल्या रक्तातील प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, साधारण ५ दिवसच टिकतात. हे कळल्यावर ताईंनी एकाच दिवशी गर्दी जमवण्याचा नाद सोडला, दात्यांची वही केली आणि त्यांना आठवड्यांवर वाटून दिले. कोणाला केव्हा बोलवायचे, मागच्या वेळी कोणाला चक्कर आली होती, सारे त्या वहीत असे. ज्या आठवड्यात कोणी शिबिर घेत नाही, नेमक्या त्याच आठवड्यात त्यांचे दाते येत.

एक माजी शिष्य, सध्या क्रीडाशिक्षक:
मानचिन्हाऐवजी उंची कमी-जास्त करता येणाऱ्या अडथळ्यांचा संच द्यावा, असे मी सुचवतो. नियमानुसार अडथळा पाडायला किमान ३.६ किलो जोर लागावा लागतो. लहान मुलांसाठी तो हलक्या धक्क्याने पडणारा हवा. ताईंकडचे अडथळे फार जड आहेत, आणि आजही ते त्या एकट्याच वाहून नेतात.