मदतनिधीला किती वेळा द्यायचं? (आणि फुकट पासांचं काय?)

दांडियाबाजारवाला: काल आपल्या बडोदेकर मराठी ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "कलाकारांच्या मदतनिधीला किती वेळा द्यायचं? कोरोनात नोकऱ्या सगळ्यांच्याच गेल्या. पोट भरत नसेल तर दुसरं काम बघावं." तिथे भांडलो असतो तर ॲडमिननी हाकललं असतं, म्हणून इथे.

2020 च्या नवरात्रात गरबाच नव्हता. 2021 ला शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, 400 माणसांपर्यंत परवानगी, मोठी मैदानं बंदच. ढोल वाजवणारे ढोली, कीबोर्डवाले, गाणाऱ्या मुली, सगळ्यांची वर्षाची बेगमी त्या नऊ रात्रींत होते. आमच्या वाड्यातला तबलजी तेव्हा मोबाइलवर शिकवण्या घ्यायचा. तबल्याच्या पुडीची (कातड्याची) शाई उडालेली, बदलायला पैसे नाहीत, आवाज पत्र्यासारखा. पालक म्हणाले, "ऑनलाइन आहे तर फी अर्धी घ्या ना!" आग्रा घराण्याचे गायक फैयाज खाँ ज्या गावात दरबारचा पगार घेऊन गायले, त्या गावची ही गोष्ट.

चार_दरवाजा: आलेच महाराज! बडोद्यात भांडण कशावरूनही होवो, दोन परिच्छेदांत सयाजीराव हजर. अहो, त्यांच्या दरबारच्या कलावंत खात्यात पगार होता तसे नियमही होते. आजचे कलाकार नऊचा कार्यक्रम साडेदहाला सुरू करतात आणि वर मदत मागतात.

सूरसागरची_सून: काका, साडेदहा कलाकारांमुळे वाजत नाहीत. दीपप्रज्वलन, सहा सत्कार, प्रायोजकांचं मनोगत. गायिका तोवर विंगेत थंड झालेला चहा घेऊन बसते. तिच्या हाती येतं काय, तर शाल, श्रीफळ आणि "पुढच्या वेळी बघू".

खमणप्रेमी: मूळ रोग फुकट पास. आपल्या गांधी नगरगृहात (नाट्यगृहात) पहिल्या चार रांगा पासवाल्यांच्या, आणि मध्यंतरात त्याच रिकाम्या. हेच लोक गरब्याचा पास रांग लावून विकत घेतात.

चार_दरवाजा: मी पास घेतो. आयोजक घरी आणून देतात. परत पाठवू की काय?

खमणप्रेमी: पाठवा की.

चार_दरवाजा: तुम्ही मागच्या दिवाळी पहाटला तिकीट काढलं होतं? तिसऱ्या रांगेत बघितलं मी तुम्हाला.

खमणप्रेमी: ते मेहुण्यांचं होतं. वैयक्तिक येऊ नका.

सूरसागरची_सून: झालं, आता पासांवरच शंभर प्रतिसाद. मुद्दा तब्येतीचाही आहे. माझी नणंद गरब्यात गाते. नऊ रात्री ओरडून गळा बसला, डॉक्टरांनी तीन आठवडे बोलणंच बंद केलं. तेवढ्यात तिची दोन कामं दुसरीला गेली. शेजारचा ढोली स्पीकरला चिकटून उभा राहतो, आता फोन डाव्या कानालाच लावतो. नोकरीवाल्याला आजारपणाची रजा असते, यांना कोण देतं?

नियमावर_बोट: केंद्राची वयोवृद्ध कलाकारांसाठी योजना आहे. महिन्याला 6000 पर्यंत मिळतात. अर्ज करायचा आळस, आणि वर्गणी मात्र आपल्याकडे.

सूरसागरची_सून: दादा, साठीनंतर. नणंद चौतिशीची आहे. सव्वीस वर्षं गप्प बसू दे का?

दांडियाबाजारवाला: आणि उत्पन्नाचा दाखला? रोखीत, पाकिटात बिदागी घेणाऱ्याने तो कुठून आणायचा? आयोजकांनी साध्या कागदावर लिहून द्यावं, कार्यक्रम रद्द झाला तर निम्मे पैसे. बास. मग मदतनिधीची वेळच कमी येईल. मंडपवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय खांब रोवत नाही, तेव्हा कुणी त्याला कलेची सेवा शिकवत नाही.

चार_दरवाजा: निम्मे दिले तर छोटी मंडळं कार्यक्रमच ठेवणार नाहीत. मी मंडळात खजिनदार होतो, पावती पुस्तक घेऊन दारोदार हिंडलोय. लोक दाराआडून "साहेब घरी नाहीत" सांगतात, आतून साहेबांचा खोकला ऐकू येतो.

दांडियाबाजारवाला: हे मात्र खरं. मग सत्कार कमी करा, सहा शाली वाचतील.

चार_दरवाजा: शालींवर बोलू नका, त्या प्रायोजकाच्या असतात. बरं, निधीला हजार टाकतोय. तुमच्या भाषणामुळे नाही, त्या मुलीच्या गळ्यासाठी. पण साडेदहाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. सत्कार एका बाजूला, पण तबला जुळवायला वीस मिनिटं लागतात ती कुणाच्या खात्यात?